हळूमामांचे काळे उंदीर

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या संशोधन संस्थेत सगळे हळूमामा म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण का पडलं ते त्यांच्याबरोबर एक दिवस काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दार लावताना हळू, पेला ठेवताना हळू, आणि बोलणं तर इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकून ऐकावं. उंदरांच्या खोलीत कोणी नवीन विद्यार्थी आला की त्यांचा पहिला शब्द तोच असायचा. पिल्लं झालेली मादी मोठ्या आवाजाने बिथरली तर आपलीच पिल्लं खाऊन टाकते, हे स्पष्टीकरण मागाहून. आधी फक्त "हळू."

सासूबाई अगदी उलट. इस्पितळाच्या धुलाईघरात त्यांची हयात गेली. तिथली वाफेची यंत्रं दिवसभर अशी गरजतात की शेजारणीला हाक मारायची तर छातीतून आवाज काढावा लागतो, आणि तो आवाज त्या रोज घरी घेऊन यायच्या. टेबलावर मीठ मागितलं तरी वरच्या मजल्याला कळायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, यांचं जोरदार भांडण चाललंय आणि सासरे बिचारे मान खाली घालून ऐकून घेताहेत. मग कळलं की ती दोघं गप्पा मारत होती.

सासऱ्यांची पहिली नोकरी पावाच्या बेकरीत होती. पिठाच्या कोठीत उंदीर फार, म्हणून सापळे लावायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. पुढे बेकरी बंद झाली आणि ओळखीतल्या एकाने सांगितलं, की संशोधन संस्थेला उंदीर सांभाळायला माणूस हवाय. मुलाखत घ्यायला एक तरुण शास्त्रज्ञ बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "उंदरांचा काही अनुभव?"

"आहे," सासरे म्हणाले. "पण तो कसा होता ते उंदरांना विचारू नका."

आयुष्यात त्यांनी केलेला हा बहुधा एकुलता एक विनोद. बाई खूप हसल्या आणि नोकरी मिळाली. त्या बाईंना पुढे सगळे मॅडम म्हणायला लागले. मेंदूला इजा झाली की तुटलेल्या नसा पुन्हा एकमेकींपर्यंत पोहोचतात का, हे शोधणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी लागणारे उंदीर वाढवणं हे सासऱ्यांचं.

हे उंदीर बेकरीतल्यासारखे नव्हते. समुद्रात एक जेलीफिश असते, तिच्या अंगात हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. ते प्रथिन बनवायचा गुण कोणीतरी फार पूर्वी उंदरांच्या बीजात घातला, आणि तिथून तो पिढ्यान् पिढ्या चालत आला. व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत जे उंदीर होते त्यांचं सगळं अंगच चमकायचं. नुकती जन्मलेली, केसही न फुटलेली गुलाबी पिल्लं निळ्या दिव्याखाली धरून पिवळ्या चष्म्यातून पाहिली, तर ती कोवळ्या पानासारखी हिरवी दिसत. संस्था बघायला पाहुणे आले की त्यांना त्या खोलीच्या काचेपाशी नेत. सासऱ्यांच्या खोलीकडे कोणी फिरकत नसे. त्यांचे उंदीर साधे, काळे. त्यांच्यातही तोच गुण होता, पण तो मेंदूतल्या मोजक्याच पेशींत उमटायचा. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नसे. कानाचा एवढासा तुकडा काढून वरच्या मजल्यावर पाठवायचा, आणि कोणात तो गुण उतरलाय, कोणात नाही, ते वरून कळवलं जायचं. सासरे त्याप्रमाणे पिंजरे वेगळे करायचे. इतकी वर्षं त्यांनी हे केलं ते निव्वळ वरच्यांच्या शब्दावर.

आमच्या इमारतीखाली न्हाव्याचं दुकान आहे. तो दर वेळी केस कापताना यांची फिरकी घ्यायचा. "मामा, एक चमकता उंदीर आणा की घरी. तेवढंच विजेचं बिल वाचेल."

"आमचे तसले नाहीत," हे म्हणायचे, आणि मान पुन्हा खाली घालायचे.

वर जाऊन सूक्ष्मदर्शकातून पाहावं असं त्यांना कधी वाटलं नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, वर गेलं की त्या दिवशी परत उंदरांच्या खोलीत शिरता येत नाही, बाहेरची लागण आत जाते. आणि संध्याकाळी काम आटोपलं की त्यांना घरी यायची ओढ असायची. शिवाय कोणी या म्हणालं नाही, हेही खरं.

मी औषधांच्या दुकानात काम करते. आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आणखी एक दुकान आहे. एके दिवशी त्या दुकानातली बाई सुट्ट्या नाण्यांसाठी आमच्याकडे आली आणि जाता जाता सहज म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांची सर्दी अजून हटत नाही का गं? दर आठवड्याला गोळ्या नेतात."

मला सर्दीबद्दल काहीच माहीत नव्हतं. घरी सून औषधं विकते आणि हा माणूस दोन गल्ल्या चालून दुसरीकडून गोळ्या आणतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. कोणती गोळी ते तिने सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती सर्दीची नव्हती, ॲलर्जीची होती.

त्या संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर गाठलं. ते वाळलेले कपडे काढत होते.

"बाबा, हात बघू."

त्यांनी दाखवले नाहीत. मीच बाही वर सारली. हातमोजा जिथे संपतो त्याच्या वर, मनगटाभोवती लाल गांध्या उठल्या होत्या.

"शेपूट लागली की उठतात," ते म्हणाले. "तासाभरात जातात."

"आणि शिंका?"

"त्या गोळीने थांबतात."

"आणि दम?"

त्यांनी दोरीवरून चादर काढली. मग चादरीच्या घड्या घालत म्हणाले, "हे बघ पोरी, मॅडमना कळलं तर मला खोलीत पाऊल टाकू देणार नाहीत. आणि मला दुसरं काय येतं?"

इथपर्यंत मला त्यांची कीव येत होती. पण मग माझ्या डोक्यात एकदम दुसरंच आलं. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आणि गेले काही महिने तिची छाती वाजत होती. संध्याकाळी आजोबा आले रे आले की ती त्यांच्या खांद्यावर चढायची, मानेत तोंड खुपसायची. उंदरांच्या मुतातून आणि केसांतून जे हवेत उडतं ते माणसाच्या केसांत, कपड्यांत बसून घरापर्यंत येतं, हे मी वाचलेलं होतं. माझा आवाज चढला. मी म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या जिवाशी खेळा, पण हिला यात का ओढता?"

त्यांचा चेहरा पडला. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता, ते दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून ते संस्थेतच अंघोळ करून, केस धुऊन यायला लागले, आणि घरी आल्यावरही नात धावत आली की हात पुढे करून तिला लांब ठेवायला लागले. तिला काही कळेना. ती रडायची. मी त्यांना आठवड्याभराची मुदत दिली होती, तुम्ही होऊन मॅडमना सांगा, नाहीतर मी सांगते.

त्या आठवड्यातच ते घडलं. पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा दिवस होता. भुसा बदलताना सगळ्यात जास्त धूळ उडते. दुपारी एक पिंजरा त्यांच्या हातात होता, त्यात मादी आणि आदल्या दिवशी झालेली पिल्लं. एकाएकी छाती आवळली, श्वास आत जाईना. त्यांनी पिंजरा फळीवर ठेवला, झाकण बसलंय का ते पाहिलं, पाण्याची बाटली नीट केली, बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि मग व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले. पहारेकऱ्याने पाहिलं तेव्हा ओठ निळे पडले होते.

इस्पितळ तेच, जिथे सासूबाई कामाला. बातमी धुलाईघरात पोहोचली आणि त्या ओल्या हातांनी धावत वर आल्या. त्यांचा आवाज तीन मजले आधी पोहोचला असं नर्स मला नंतर म्हणाली. त्या मात्र नाकातोंडावर वाफेचा मुखवटा लावलेल्या नवऱ्यासमोर आल्या आणि काही न बोलता स्टूल ओढून बसल्या.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं. उंदरांबरोबर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना हा त्रास होतो. काहींना पहिल्या दोन-तीन वर्षांत, काहींना उशिरा. आता दमा जडलाय. पुन्हा त्या खोलीत गेलात तर पुढच्या वेळी व्हरांड्यापर्यंतही पोहोचणार नाही.

"चांगला मुखवटा घातला तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

माझ्या मुलीचीही तपासणी झाली. तो निकाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. उंदरांची ॲलर्जी तिला नव्हती. तिची छाती नुसत्या सर्दीने वाजत होती, आणि पुढे वय वाढलं तसं ते थांबलंही. निकाल मी सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला, मग नातीला उचलून खांद्यावर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. घरात बसलेला माणूस काय करणार? ते सकाळी ठरल्या वेळी उठायचे, तयार व्हायचे, आणि मग खुर्चीत बसायचे. संस्थेने फाटकावरचं काम देऊ केलं. ते काही दिवस गेलेही. पण फाटकावर गाड्यांना हात दाखवून ओरडावं लागतं, आणि यांचा आवाज गाडीच्या काचेआत जाईना. शेवटी मॅडमनीच बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वर आमच्याकडे काप काढायला माणूस हवाय. जिवंत जनावर नाही, धूळ नाही. औषधात मुरलेला मेंदू असतो. त्याचे पातळ काप काढायचे आणि काचेवर लावायचे. जमेल?"

"शिकवलं तर बघतो," हे म्हणाले.

शिकवायला होती एक मुलगी, माझ्याहूनही लहान, प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. सासरे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. ती त्यांना अजिबात सवलत देत नसे. यंत्राचं पातं थरथरत पुढे सरकतं आणि पाण्यात बुडवलेल्या मेंदूचा कागदाहून थोडा जाड काप निघतो. तो मऊ कुंचल्याने अलगद उचलून काचेवर पसरायचा. ऐकायला सोपं. सासऱ्यांचे पहिले कितीतरी काप फाटले, दुमडले, कुंचल्याला चिकटून चुरगळले. हळू हात असूनही उपयोग नव्हता. उंदीर हाताला दाद देतो, हे काहीच दाद देत नाही, असं ते म्हणाले.

"मामा, तुम्ही त्याला धरायला बघता," मास्तरीणबाई म्हणाली. "धरू नका. पाण्यालाच काम करू द्या. तुम्ही फक्त काच खालून आणा."

महिन्याभरात काप जमायला लागले. आणि मग एका दुपारी, त्यांनी लावलेल्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत मास्तरीणबाई म्हणाली, "या, बघा तरी काय बनवलंत ते."

खोलीतला दिवा मालवलेला होता. पडद्यावर काळोख, आणि त्यात हिरवे दोरे. मला त्यांनी नंतर सांगितलं ते असं. खाली एकेक टपोरा दाणा, त्यातून सरळ वर गेलेला जाड दोरा, वर जाऊन त्याच्या फुटलेल्या शाखा. तिने आणखी जवळून दाखवलं तर प्रत्येक दोऱ्याच्या अंगावर बारीक बारीक डोळे, नव्या फांदीला फुटतात तसे. त्या डोळ्यांपाशी एक पेशी दुसरीला निरोप देते, असं मास्तरीणबाईने समजावलं. इतकी वर्षं ज्यांच्या कानाचे तुकडे वर पाठवले, ते आत असे होते.

ते खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा कुठला?"

तिने काचेवरचा क्रमांक वाचला. तिच्या लेखी तो फक्त क्रमांक होता. तो उंदीर ज्या पिंजऱ्यातला, तो पिंजरा सासऱ्यांनी स्वतः मांडलेला होता, आजारी पडायच्या थोडं आधी. क्रमांक त्यातल्या एका नराचा होता, शेपटीचं टोक जरा वाकडं. पिंजरा उघडला की बाकीचे कोपऱ्यात पळायचे आणि हा कागदाच्या नळीतून बाहेर येऊन हातमोज्यावर चढायचा.

"बरं," सासरे म्हणाले. हात धुतले आणि वेळेआधी घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. दम लागतोय का, विचारलं तर नाही म्हणाले. चौथ्या दिवशी सासूबाईंचा संयम संपला. मी स्वयंपाकघरात होते, पण त्या बोलत असताना स्वयंपाकघरात काय आणि पलीकडच्या रस्त्यावर काय, सारखंच. सासऱ्यांचं ऐकायला मात्र मला दारापाशी यावं लागलं.

"अहो, झालंय तरी काय? तोंडाला कुलूप लावून बसलाय."

त्यांनी वाकड्या शेपटीच्या उंदराचं सांगितलं.

"मग तुम्हाला काय माहीत नव्हतं का, त्यांचं काय होतं ते?"

"माहीत होतं."

"मग?"

"पिंजरा दाराबाहेर गेला की माझं काम संपायचं," ते म्हणाले. "खाऊ, पाणी, ऊब, एवढं माझं. पुढचं दुसऱ्यांचं. आता ते पुढचंच माझ्या हातात आलंय. काचेवर ठेवलेला मी ओळखला, अगं. मी त्याला ओळखतो आणि तो तिथे असा."

सासूबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे चादरी येतात. कुठली बाळंतिणीची, कुठली मेलेल्याची, ते आम्हाला कळतं. कोणी सांगत नाही, पण कळतं. पहिल्या वर्षी मी घरी येऊन जेवत नव्हते, आठवतं तुम्हाला? मग ठरवलं, ज्याची असेल त्याची, डाग राहता कामा नये. दुसरं काय आहे आपल्या हातात?"

"ते वेगळं आहे. माणसं तुम्ही मारत नाही."

"वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "मी कुठे म्हणते सारखं आहे. जायचं नसेल तर नका जाऊ. माझ्या पगारात भागेल. पण बसून राहून तो उंदीर काही परत येत नाही, आणि तुम्ही जे काप काढता ते उद्या दुसरा कोणीतरी काढेल. तो तुमच्यासारखा जीव लावून काढेल का, एवढंच बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर न्हावी दुकान उघडत होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, मामांना सांगा, मावशी बरोबर बोलल्या."

सासरे गेले, पण थेट यंत्रापाशी नाही. आधी मॅडमच्या खोलीत गेले आणि विचारलं, की काप फाटला तर काय होतं. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, फाटलेल्या कापातून मोजमाप होत नाही. फार फाटले तर तो मेंदू वाया जातो, आणि मग आणखी एक उंदीर घ्यावा लागतो.

"आणि यातून माणसांना काही मिळेल?"

"माहीत नाही, मामा. इजेनंतर काही नसा पुन्हा वाढतात, पुष्कळशा वाढत नाहीत, एवढं कळलंय. का वाढत नाहीत ते कळलं तर पुढे कोणाला तरी उपयोग होईल. मी हयात असेन की नाही, सांगता येत नाही."

हे उत्तर त्यांना पटलं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरोबर की चूक हे ठरवायची माझी अक्कल नाही आणि मॅडमचीही पुरी नसावी. पण फाटू द्यायचा नाही, एवढं मला ठरवता येतं." ते पुन्हा काप काढायला बसले. फाटायचे थांबले असं नाही, कमी झाले. जो फाटेल तो टाकायला ते तयार नसत. नवीन रंग, नवीन द्रव तपासायचा असेल तर आधी तो त्या फाटक्या कापावर तपासा, असं त्यांनी विद्यार्थ्यांच्या मागे लागून अंगवळणी पाडलं. क्रमांक मात्र ते स्वतः वाचतात, प्रत्येक काचेचा. मास्तरीणबाईने एकदा सुचवलं, की क्रमांक झाकून देते, तुम्हाला त्रास नको. ते नको म्हणाले. आता खोलीत नवे उंदीर आहेत, त्यांनी कधी न पाहिलेले. तरी वाचतात.

यंदा मॅडमनी एक नवी पद्धत आणलीय. उंदराच्या डोक्यावर काचेची बारीकशी खिडकी बसवतात आणि तोच उंदीर जिवंत असताना, महिनोन् महिने, त्याच्या आतले तेच हिरवे दोरे बघतात. पूर्वी ज्याला कितीतरी उंदीर लागत, ते आता थोड्याच उंदरांत होतं. म्हणजे सासऱ्यांचं कापाचं काम पुढे कमीच होत जाणार. त्यांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा ते खुशीत होते. मग जेवता जेवता थांबून म्हणाले, "पण डोक्याला काच लावलेला उंदीर किती जपून धरावा लागेल. त्या पोरीला दाखवायला हवं."

ती पोरगी म्हणजे त्यांच्या जागी आलेली, उंदरांची खोली सांभाळणारी. हे तिच्या खोलीत जाऊ शकत नाहीत आणि ती कामाच्या कपड्यांत यांच्याजवळ येऊ शकत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा, काम संपलं की ती केस धुऊन, घरचे कपडे घालून संस्थेच्या बागेतल्या बाकावर येऊन बसते. मी परवा त्यांना घ्यायला गेले तेव्हा दोघं तिथे होती. सासऱ्यांनी एक मोजा गुंडाळून तळहातावर घेतला होता, आणि दुसऱ्या हाताची ओंजळ त्याच्यावर धरून ते तिला काहीतरी सांगत होते. ती पुढे वाकून ऐकत होती. तिचे केस अजून ओले होते.